सोडल्यानंतरची नोंद

जानेफळच्या शिवारात वैशाखाच्या आरंभी, रब्बीची मळणी उरकून शेतकरी बांधबंदिस्तीकडे वळतो आणि आतून पोखरलेला एखादा जुना कडुनिंब कुऱ्हाडीखाली येतो, तेव्हा त्याच्या ढोलीत वाढणारी पिंगळ्याची पिले टोपलीतून माणसाच्या दारी येतात. काही वर्षांपूर्वी अशीच पिले आमच्याकडे आली. ज्या गृहस्थांनी ती आणली त्यांनी दोन दिवस त्यांना दुधात भिजवलेली पोळी मायेने चारली होती. परंतु पाखराला दूध पचत नाही आणि चोच उघडून ओतलेले पाणी जिभेच्या मुळाशी असलेल्या श्वासमार्गातून फुप्फुसांत उतरते, हे कोणी सांगितलेले नसल्यामुळे तीनांपैकी एक पिलू वाटेतच गेले होते.

अशा प्रसंगी पहिला प्रश्न चाऱ्याचा नसून पिलू खरोखर अनाथ आहे काय, हा असतो. पंख फुटलेले आणि जमिनीवर उड्या मारणारे पिलू बहुधा पोरके नसते. आईबाप जवळच्या फांदीवरून त्याला भरवीत असतात, आणि आपण ते उचलून आणले म्हणजे आपणच त्याला पोरके करतो. माणसाचा हात लागला की पक्षी पिलाला टाकतात, ही समजूतही निराधार आहे. घरटे मोडले असेल तर त्याच जागी खोक्याची तजवीज करून दूर बसून पाहावे. आईबाप पुष्कळदा परत येतात. आमच्या पिलांच्या बाबतीत झाड तुटलेले होते आणि दोन दिवस उलटलेले होते, म्हणूनच ती ठेवून घ्यावी लागली.

ठेवून घेणे ही खाजगी बाब नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये असा जीव सरकारी मालमत्ता ठरतो, आणि तो ताब्यात आल्यापासून अठ्ठेचाळीस तासांच्या मुदतीत वनखात्यास किंवा पोलीस ठाण्यास वर्दी देणे बंधनकारक आहे. वनखात्याचा १९२६ हा क्रमांक याचसाठी प्रत्येक गावाच्या चावडीवर लिहिलेला असावा.

पिंगळ्याला नुसत्या मांसाचे तुकडे देऊन भागत नाही. केस, हाडे आणि किड्यांची कवचे यांसह सबंध भक्ष्य पोटात गेले नाही तर त्याची हाडे मऊ होऊन वाकतात. हे शास्त्र आमच्या बहुतेक वाचकांस अवगत आहे. त्याहून अवघड आहे ते स्वतःला आवरणे. राखी हंसांची पिले अंड्यातून बाहेर पडताच प्रथम दिसलेल्या सजीवाच्या मागे चालू लागतात, हे ज्यांनी सविस्तर दाखवून दिले त्या कॉनराड लोरेंझ यांना १९७३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. वाढलेल्या पक्ष्यालाही माणसाची सवय किती जडते, हे अमेठी जिल्ह्यात दिसले. २०२२ साली शेतात जखमी आढळलेला सारस बरा होऊनही उपकारकर्त्याच्या मागे फिरत राहिला, आणि पुढच्या वर्षी वनखात्याने हलविल्यावर अखेर कानपूरच्या प्राणिसंग्रहालयात गेला. म्हणून पिलाशी बोलू नये, त्याला नाव ठेवू नये, आणि भरविणारा हात शक्य तो पडद्याआड असावा.

परंतु या लेखाचा खरा रोख पुढच्या टप्प्यावर आहे. पिंजऱ्याचे दार उघडले, पाखरू उडाले, जमलेल्या मंडळींनी टाळ्या वाजविल्या, की आपले दप्तर बंद होते. कॅलिफोर्नियाच्या कॉन्डॉर गिधाडांची कथा येथे स्मरणीय आहे. १९८७ साली जगात त्यांची संख्या अवघी २७ उरली होती, आणि तीही बंदिवासात. प्रौढ कॉन्डॉरच्या मुखासारखी बाहुली हातात घालून पिले भरविण्यात आली, १९९२ पासून ती सोडण्यात आली, आणि त्यांतली काही विजेच्या तारांशी टकरून मेली. सोडलेल्या पक्ष्यांवर पाळत होती म्हणून हे कळले. आणि कळले म्हणून पुढील पिलांना सोडण्यापूर्वीच, सौम्य धक्का देणाऱ्या खोट्या खांबांच्या साहाय्याने, विजेचे खांब टाळावयास शिकविण्यात आले. मरणाची नोंद झाली नसती तर तीच चूक दरवर्षी नव्याने घडली असती.

आमची दोन पिले पंखांत बळ आल्यावर आणि जिवंत टोळ स्वतः धरू लागल्यावर, तुटलेल्या कडुनिंबापासून जवळच असलेल्या चिंचेवर बांधलेल्या खोक्यातून मोकळी केली, आणि रोज सायंकाळी खोक्याशेजारच्या फळीवर खाद्य ठेवण्याचा शिरस्ता चालू ठेवला. चौथ्या रात्रीनंतर एकच पिलू येऊ लागले. बाराव्या सकाळी फळीवरचे खाद्य जसेच्या तसे होते, आणि त्या रात्री चिंचेच्या शेंड्यावरून पिंगळ्यांचा कलकलाट ऐकू आला. त्यांत आमचे पिलू होते की नाही हे सांगता येत नाही, कारण रीतसर परवानगी घेऊन पायात खुणेचे कडे घालण्याचे आम्हांला सुचले नव्हते. दुसऱ्याचे काय झाले, तो रकाना आमच्या नोंदवहीत आजही रिकामा आहे.

सबब आमची वाचकांस विनंती आहे की, पिलू आले ती तारीख, वजन, चारा, सोडल्याची जागा आणि त्यानंतर तीस दिवसांत जे जे दिसले ते, दिसले नाही तर तसेही, लिहून ठेवावे आणि आमच्याकडे पाठवावे. पुढील अंकापासून अशी पाने छापण्याचा आमचा मनोदय आहे. पहिले पान आमचेच असेल, त्या रिकाम्या रकान्यासह.