चवीची भाषा आणि मालाचे मोल

२७ जानेवारी २०२२ रोजी महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमधून वाइनविक्रीस मुभा देण्याचा निर्णय घेतला आणि राज्यात एकच गदारोळ उठला. हा महाराष्ट्र की मद्यराष्ट्र, असा सवाल एका बाजूने झाला. वाइन म्हणजे द्राक्ष बागायतदाराच्या घामाचे मोल, असा जबाब दुसऱ्या बाजूने आला. या कोलाहलात वाइनच्या व्यवहारातील सर्वांत शिकण्याजोगी गोष्ट मात्र दुर्लक्षित राहिली. ती म्हणजे चव पारखण्याचे शास्त्र. पैठण तालुक्यातील पाचोडसारख्या मोसंबीच्या बाजारगावाला त्या शास्त्राशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. वस्तुतः त्याची खरी गरज तेथेच आहे.

लाल वाइन काळ्या द्राक्षांचा रस सालींसकट आंबवून करतात. साल आणि बिया यांतून टॅनिन नावाचे द्रव्य रसात उतरते व त्यामुळे वाइनला तुरटपणा येतो. ही चव मराठी जिभेला परकी नाही. फार उकळलेला चहा, कच्चा आवळा, सुपारी यांत ती असतेच. आयुर्वेदाने सहा रसांत ‘कषाय’ म्हणून तिला स्थान दिले आहे. पारखी प्रथम रंग न्याहाळतो, मग गंध घेतो, मग घोट तोंडात घोळवून आंबटपणा किती, तुरटपणा किती, चव मागे किती वेळ रेंगाळते याची नोंद करतो. अनेक नमुने तपासावयाचे असतील, तर तो घोट थुंकून टाकतो. पारखणे आणि पिणे या दोन भिन्न क्रिया आहेत, हे याहून स्पष्टपणे कसे सांगावे?

अन्नाशी मेळ घालण्याचे नियमही असेच कार्यकारणाने बांधलेले आहेत. टॅनिन लाळेतील प्रथिनांना धरते, म्हणून तोंड कोरडे पडते. मांसातील प्रथिने व स्निग्धता यांच्या सोबतीने तोच तुरटपणा मवाळ होतो. म्हणून छत्रपती संभाजीनगरच्या नान-खलियाचा तेलकट रस्सा लाल वाइनपुढे टिकतो. ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा यांच्याशी मात्र तिचे जमत नाही. मद्यार्काने मिरचीची आग वाढते आणि तुरटपणा अधिकच खरखरीत लागतो. पुरणपोळीनंतर तीच वाइन निव्वळ आंबट भासते. ‘खोलीच्या तपमानाला प्यावी’ हा युरोपीय दंडक तर १६ ते १८ अंशांच्या थंड घरांतून आला आहे. मे महिन्यात चाळीस अंशांवर तापणाऱ्या मराठवाड्यात तो शब्दशः पाळणे हास्यास्पद होय. परक्यांचे कोष्टक जसेच्या तसे उचलून भागत नाही. कारण समजून घेऊन स्वतःच्या ताटाशी ते ताडून पाहावे लागते.

या पारखीचे अर्थशास्त्र विलक्षण आहे. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनी बाटल्यांची नावे झाकून वाइन चाखल्या. लाल वाइनमध्ये पहिला क्रमांक आला तो कॅलिफोर्नियातील एका फारशा नावाजलेल्या नसलेल्या उत्पादकाचा. फ्रान्सची नामांकित घराणी मागे पडली. त्या एका दिवसाने कॅलिफोर्नियाच्या मालाची पत जगभर वाढली. आपल्याकडे २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आखले आणि नाशिक परिसरात कॅबर्ने सोव्हिन्याँ, शिराझ यांसारख्या जातींच्या बागा वाढल्या. तेथे द्राक्षे केव्हा तोडावयाची हे साखर आणि आम्ल मोजून ठरते. चव मोजली जाते, तिला शब्द मिळतो. म्हणूनच तिला दामही मिळतो.

आता पाचोडच्या बाजाराकडे पाहावे. तेथील मोसंबीचा भाव आकार, सालीची चकाकी आणि वजन यांवर ठरतो. कित्येकदा तर सबंध बागच उक्ती दिली जाते. आंबिया बहाराचे फळ आणि मृग बहाराचे फळ यांच्या गोडीत काय अंतर आहे, हे बागायतदाराच्या जिभेला ठाऊक असते. परंतु ती जाण भावाच्या बोलीत येत नाही. शेजारच्या जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन लाभले आहे, हे स्वागतार्हच. तथापि नाव मिळाले तरी चवीची प्रतवारी नसेल, तर उत्तम फळ सामान्य फळाच्या भावातच जाणार. ज्याला आपल्या मालाचा गुण सांगता येत नाही, त्याला घेणारा सांगेल तो भाव मान्य करावा लागतो.

येथे मद्याची भलामण करण्याचा हेतू नाही. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने शासनावर मद्यनिषेधाच्या प्रयत्नाचे कर्तव्य टाकले आहे. मद्यार्काचे कोणतेही प्रमाण आरोग्यास निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. तो आक्षेप योग्यच आहे. परंतु पेला नाकारताना त्यामागची शिस्तही नाकारणे शहाणपणाचे नव्हे. साखर व आम्ल मोजणारी साधी उपकरणे, प्रतीनुसार वेगळे ढीग आणि नाव झाकून केलेली पारख, एवढे पाचोडच्या बाजारात आले, तरी पुष्कळ साधेल. मोसंबी चाखून कोणाला झिंग येत नाही. तिची पारख न केल्याने मात्र बागायतदाराचे वर्ष बुडते.