आगरतळ्याला विचारा

2 डिसेंबर 2024 रोजी आगरतळ्यात बांगलादेशच्या सहायक उच्चायुक्तालयाच्या आवारात जमाव घुसला. दुसऱ्या दिवशी तिथलं व्हिसाचं काम थांबलं. त्याच सुमारास हॉटेलमालकांच्या संघटनेनं बांगलादेशी पाहुण्यांना खोल्या द्यायच्या नाहीत, असं जाहीर केलं. संतापाला कारण होतं. सीमेपलीकडे हिंदूंची घरं-मंदिरं असुरक्षित झाली होती आणि तिथले हिंदू साधू चिन्मय कृष्ण दास यांना अटक झाली होती. आगरतळ्यातल्या असंख्य कुटुंबांची मुळं ब्राह्मणबाडिया, कुमिल्ला, सिल्हेट भागातली. तिकडची वाईट बातमी इथे घरातली बातमी म्हणूनच येते. तरीही दार लावून घेण्याची ही भाषा मला मनापासून चुकीची वाटते. सीमेवरच्या शहरांविषयी दर आठवड्याला लिहिताना हे स्पष्ट म्हणायलाच हवं.

आगरतळा त्रिपुराची राजधानी. 2011 च्या जनगणनेनुसार वस्ती चार लाखांच्या आसपास. सीमेवरचं अखौऱ्याचं चेकपोस्ट शहराच्या इतकं जवळ आहे की बाजारातून रिक्षानं काही मिनिटांत पोचता येतं. बांगलादेशातून सरळ गेलं तर कोलकाता पाच-साडेपाचशे किलोमीटरवर. आपल्याच भूमीवरून जायचं तर गुवाहाटीला वळसा घालून सोळाशे किलोमीटर. त्रिपुराचा तीन बाजूंचा शेजार बांगलादेशाचा आहे. तेव्हा हद्द बंद करा, ही मागणी दिल्ली-मुंबईत बसून करणं सोपं असतं. तिची किंमत आगरतळ्याला मासळीच्या भावात आणि रुग्णाच्या प्रवासात मोजावी लागते.

ही किंमत शहरानं आधी एकदा मोजली आहे. फाळणीपूर्वी आगरतळ्याचं रेल्वे स्टेशन म्हणजे अखौरा. त्रिपुराच्या राजघराण्याच्या उत्पन्नाचा मोठा वाटा कुमिल्ल्याकडच्या सपाट, सुपीक जमीनदारीतून, चकला रोशनाबादमधून येई. 1947 मध्ये स्टेशनही गेलं, जमीनदारीही गेली. 15 ऑक्टोबर 1949 रोजी संस्थान भारतात विलीन झालं. आगरतळ्यात रेल्वेगाडी यायला मात्र 2008 उजाडलं, आणि ब्रॉडगेज व्हायला 2016. स्टेशन शेजारच्या देशात राहिलं म्हणून एका राजधानीनं साठ वर्षं गाडीची वाट पाहिली.

आपल्याला हा भाग दूरचा वाटतो, पण सचिनदेव बर्मन याच राजघराण्यातले, आणि त्यांचा जन्म कुमिल्ल्याचा. रमेश तेंडुलकरांनी धाकट्या मुलाचं नाव त्यांच्यावरूनच ठेवलं. त्यांच्याबरोबर मुंबईच्या स्टुडिओत आलेला नावाड्यांच्या भटियाली गाण्यांचा सूर आज सीमेच्या दोन्ही बाजूंना वाटला गेलेल्या प्रदेशाचा आहे.

1971 च्या बांगलादेश मुक्तियुद्धाबद्दल मात्र सविस्तर बोललं पाहिजे. त्या वर्षी त्रिपुराची लोकसंख्या साडेपंधरा लाख होती आणि जवळपास तितकेच निर्वासित या छोट्या राज्यात आले. शाळा बंद करून वर्गात माणसं राहिली. आगरतळ्याच्या जी. बी. रुग्णालयात डॉ. रथीन दत्त आणि त्यांचे सहकारी जखमींवर शस्त्रक्रिया करत होते. विश्रामगंजला बांबूच्या भिंतींचं इस्पितळ उभं राहिलं. लंडनमधलं काम सोडून आलेले डॉ. जफरुल्ला चौधरी ते उभारणाऱ्यांत होते. डिसेंबरात अखौऱ्याजवळ गंगासागरला लान्स नायक अल्बर्ट एक्का यांनी प्राण दिले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. ज्या शहरानं हे केलं, त्याच शहरात हॉटेलची खोली नाकारली गेली, हे मला सहन होत नाही.

पण हे औदार्य कुणाच्या जमिनीवर उभं राहिलं, हेही विचारायला हवं. 1901 मध्ये राज्यात निम्म्याहून थोडे जास्त लोक आदिवासी होते. 1981 मध्ये ते प्रमाण साधारण 28 टक्क्यांवर आलं. त्रिपुरी, रियांग, जमातिया आपल्याच डोंगरांत अल्पसंख्य झाले. जून 1980 मध्ये मांडाईला बंगाली रहिवाशांचं जे हत्याकांड झालं, त्याचं समर्थन कुणीही करू नये, पण त्यामागची आदिवासींची भीती खरी होती. त्यांच्या कोकबोरोक भाषेला 1979 मध्ये राजभाषेचा दर्जा मिळाला, पुढे स्वायत्त जिल्हा परिषद आली. तरी आगरतळ्याच्या रस्त्यांवर आजही बंगालीच चालते. सीमेबद्दल साशंक असणाऱ्या आदिवासी माणसाला द्वेष्टा म्हणून झटकून टाकणारा मानवतावाद मला अपुरा वाटतो. त्याची हरकत पाहुण्यावर नाही; आपल्याला न विचारता झालेल्या निर्णयांवर आहे.

न विचारण्याची ही रीत सगळीकडे दिसते. सीमेवरचं कुंपण शून्य रेषेपासून दीडशे यार्ड आत घातलं गेलं. त्यामुळे कितीतरी शेतकऱ्यांचं भात पलीकडे राहिलं. सकाळी फाटक उघडलं की ओळखपत्र दाखवून, नाव नोंदवून, विळा-खुरपं घेऊन जायचं आणि ठरल्या वेळेआधी परतायचं. पाऊस आला म्हणून पेंढ्या हलवायला रात्री जाता येत नाही. आगरतळा-अखौरा रेल्वेमार्गाचं तसंच. सव्वाबारा किलोमीटरच्या या मार्गाचं उद्‌घाटन 1 नोव्हेंबर 2023 रोजी दोन्ही देशांच्या पंतप्रधानांनी केलं. 2024 चं अख्खं वर्ष त्यावर नियमित प्रवासी गाडी धावली नाही.

व्हिसाचं काम फेब्रुवारी 2025 मध्ये पुन्हा सुरू झालं, हे चांगलं झालं. ढाक्यानं आपल्या अल्पसंख्याकांना संरक्षण द्यावं, ही मागणी भारतानं ठामपणे लावून धरावी. त्यासाठी आगरतळ्याचा व्यवहार वेठीला धरू नये. आणि दोन्ही देशांचे अधिकारी पुन्हा बोलायला बसतील, तेव्हा मासळीचे आयातदार, महापालिका आणि खुमुलुंगची आदिवासी स्वायत्त जिल्हा परिषद यांना समोर बसवावं. पहिला विषय कुंपणाच्या फाटकांच्या वेळांचा घ्यावा. त्यासाठी ढाक्याची परवानगी लागत नाही.