बंबाची मंजुरी



बर्मिंगहॅम येथे स्थायिक झालेल्या माझ्या भाचीचा गेल्या महिन्यात फोन आला. "मामा, घरात लाकडाची शेगडी बसवायची आहे. कागद तेवढे नजरेखालून घाला." निवृत्त झालो तरी आप्तेष्टांनी मला कर्जविभागातून अद्याप मुक्त केलेले नाही! कागद वाचले आणि आयुष्यभर प्रस्ताव तपासलेल्या डोळ्यांना समाधान वाटले.

तेथे अशा शेगडीस नियोजन खात्याची परवानगी बहुधा लागत नाही. परंतु बांधकाम नियमांची मान्यता कोणास चुकत नाही. नोंदणीकृत कारागिराने काम केले, तर ते नियमानुसार झाल्याचे तोच प्रमाणित करतो. अन्यथा काम सुरू होण्यापूर्वीच स्थानिक परिषदेकडे शुल्क भरून अर्ज करावयाचा आणि तपासणी करवून घ्यावयाची. ते प्रमाणपत्र जपावे लागते, कारण पुढे घर विकताना खरेदीदाराचा वकील ते मागतो. (आपल्याकडील भोगवटा प्रमाणपत्राची कथा येथे नको.)

बर्मिंगहॅम धूरनियंत्रण क्षेत्रात मोडते. डिसेंबर १९५२मध्ये लंडनवर कोळशाच्या धुराचे विषारी धुके पसरून हजारो माणसे दगावली, तेव्हा १९५६ साली तेथे स्वच्छ हवेचा कायदा झाला. त्यामुळे अशा क्षेत्रात लाकूड जाळावयाचे, तर शेगडी शासनाच्या यादीतील हवी. विकत घेतलेल्या सरपणात ओल २० टक्क्यांहून अधिक नको, आणि धुराड्यातून धूर निघाला तर १७५ ते ३०० पौंड दंड होऊ शकतो.

मी थबकलो तो मात्र निराळ्याच अटीपाशी. शेगडीच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारा भोंगा बसविणे तेथे सक्तीचे आहे.

जासईच्या आमच्या जुन्या घरी तांब्याचा बंब न्हाणीघरातच पेटत असे. सरपण खाडीकाठच्या तिवरांचे. आज ती तोड गुन्हा ठरते. आजी प्रत्येक ढलपी झटकून, जीवजंतू पाहूनच आत घालीत असे. जयणा पाळली जाई, परंतु हवेकडे कोणाचेच लक्ष नसे. एका माघातल्या पहाटे गारठ्यामुळे खिडकीला गोणपाट लावले होते. दहा वर्षांची ताई आंघोळीस गेली, ती हाकेला उत्तर देईना. वडिलांनी कडी उखडून तिला ओसरीवर आणून निजविले. धूर नव्हता, वास नव्हता. केवळ लालबुंद निखारे होते. तासाभराने तिने डोळे उघडले. 'भोवळ आली' एवढेच निदान झाले आणि दुसऱ्या दिवशी बंब पुन्हा पेटला.

आपल्याकडे आजही घरच्या बंबाला कोणी कागद विचारत नाही. जानेवारी २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतील बेकऱ्यांच्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर नेण्याचा आदेश दिला, तेव्हा आपल्या काही व्यापारी बंधूंनी कपाळाला आठ्या घातल्या होत्या. खर्चाची त्यांची चिंता मला समजते. कर्जाचे हप्ते कसे फेडले जातात, हे मी जवळून पाहिले आहे. तरीही त्या आठ्यांत मला सामील होता आले नाही.

भाचीला ही हकिकत सांगितली, तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. ती त्याच ताईची मुलगी, आणि आईने तिला हे कधीच सांगितले नव्हते.

शेगडी बसली, प्रमाणपत्र आले. भाचीने भिंतीवरील भोंग्याचे छायाचित्र पाठविले. ताईने चष्मा लावून ते निरखले आणि एवढेच विचारले, "हा रात्री सगळे झोपलेले असतानाही वाजतो ना रे?"