जुळ्या गाड्यांची गोष्ट

दोस्तांनो, गेल्या शनिवारी संध्याकाळी आमच्या घरचा मिक्सर 'घर्रर्र' असा आवाज करून एकदम गप्प झाला. रविवारी इडल्यांचा बेत होता. भिजवलेले डाळ-तांदूळ अर्धे वाटून झाले होते, अर्धे पातेल्यातच होते. वाटायचं काम सुट्टीला आलेल्या आमच्या भाचेरावांकडे होतं. वय वर्षं तेरा.

"मामा, तुझा मिक्सर गेला!" भाचेरावांनी जाहीर केलं. "देशी वस्तूंचं हे असंच. फॉरेनचा असता ना, तर वीस वर्षं बघायला नको."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"सगळेच म्हणतात. गाड्यांचंच घे ना. जपानी गाडी डोळे झाकून घ्यावी म्हणतात."

"तुमचं होऊ द्या," मामी म्हणाली, "तोवर मी शेजारून मिक्सर आणते." आणि ती गेली.

आता विषय गाड्यांवर आलाच होता. मी म्हटलं, "चल, तुझा मुद्दा तपासून पाहू. पण त्यासाठी अमेरिकेत जावं लागेल. देशी गाडी चांगली की परदेशी, यावर तिथं कितीतरी वर्षं कडाक्याचं भांडण चाललं. फक्त तिथं देशी म्हणजे अमेरिकन आणि परदेशी म्हणजे बहुतेक वेळा जपानी!"

तर दोस्तांनो, तुम्हीही चला.

जपानच्या टोयोटा कंपनीनं १९५७ साली अमेरिकेत विक्रीसाठी आपली शाखा काढली आणि टोयोपेट क्राउन नावाची गाडी तिथं नेली. आता तुम्ही म्हणाल, जपानी गाडी, म्हणजे अमेरिकेत धूम उडवली असेल! छे! जपानमधल्या अरुंद, संथ रस्त्यांसाठी बनवलेली ती गाडी अमेरिकेच्या लांबलचक महामार्गांवर धापा टाकू लागली. वेग वाढवला की इंजिन तापायचं. थोड्याच वर्षांत कंपनीला तिची तिथली विक्री गुंडाळावी लागली. म्हणजे पहिल्या सामन्यात परदेशी पाहुणा शून्यावर बाद!

"मग पुढे काय झालं?" भाचेरावांचे कान टवकारले.

पुढे जपानी कंपन्या शिकत गेल्या. आणि त्यांच्या गुरूंमध्ये एक होते चक्क अमेरिकन! डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग नावाचे संख्याशास्त्रज्ञ १९५० साली जपानमध्ये गेले आणि मालाचा दर्जा कसा मोजावा, कसा सुधारावा यावर त्यांनी व्याख्यानं दिली. जपानी लोकांना ती इतकी पटली की १९५१ पासून त्यांच्या नावानं तिथं पारितोषिक सुरू झालं. १९७३ साली जगभर पेट्रोल महागलं, तेव्हा कमी पेट्रोल पिणाऱ्या छोट्या जपानी गाड्यांकडे अमेरिकन लोक वळले. आणि त्यांच्या लक्षात आलं, की या गाड्या गॅरेजमध्येही कमी जातात.

"बघ! मी म्हटलं नव्हतं?" भाचेराव टाळी द्यायला पुढे आले.

थांबा जरा. दोन गाड्यांची तुलना करायची तर ती न्याय्य हवी. एक गाडी दोन वर्षांची, दुसरी दहा वर्षांची. एकीचं तेल वेळच्या वेळी बदललेलं, दुसरीचं कधीच नाही. मग त्यातून काय कळणार? म्हणून अमेरिकेत दर वर्षी हजारो मालकांना विचारून माहिती गोळा करतात. तीन वर्षं जुन्या गाड्या घ्यायच्या आणि दर १०० गाड्यांमागे किती तक्रारी आल्या ते मोजायचं, ही त्यातली एक पद्धत. पण तरीही एक प्रश्न उरतोच. फरक दिसला, तर तो कशामुळे? देशामुळे? माणसांमुळे? की काम करण्याच्या रीतीमुळे?

हे शोधायचं तर माणसं तीच ठेवून फक्त रीत बदलायला हवी. आणि गंमत बघा, खरोखर तसं घडलं!

सॅन फ्रान्सिस्कोजवळ फ्रीमाँट गावी जनरल मोटर्सचा कारखाना होता. त्याची अगदी वाईट ख्याती होती. रोज साधारण पाचातला एक कामगार कामावर यायचाच नाही. कुणी कामावर दारू प्यायचं, तर कुणी गाडीच्या दारात मुद्दाम रिकामी बाटली टाकून दार बंद करायचं, म्हणजे मालकाला जन्मभर खडखड ऐकू यावी! पुढे तिथल्या कामगारांनी स्वतःच मुलाखतींत हे सांगितलं. पण त्यांनी आणखीही एक गोष्ट सांगितली. तिथला एक पक्का नियम होता : असेंब्ली लाइन थांबता कामा नये. गाडीला चुकीचा भाग बसलाय हे डोळ्यांना दिसलं, तरी लाइन पुढे सरकत राहणार. चूक नंतर बाहेर अंगणात दुरुस्त करायची. सांगितलेलं कुणी ऐकणारच नसेल, तर माणूस कशाला जीव लावून काम करील?

१९८२ साली कारखाना बंद पडला. हजारोंची नोकरी गेली.

मग १९८४ साली टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी भागीदारीत तोच कारखाना पुन्हा उघडला. नाव ठेवलं न्यू युनायटेड मोटर मॅन्युफॅक्चरिंग, थोडक्यात नुम्मी. कामावर कुणाला घेतलं? बहुतेक त्याच जुन्या कामगारांना! त्यांची कामगार संघटनाही तीच. त्यांतल्या शेकडो जणांना जपानमधल्या टोयोटाच्या ताकाओका कारखान्यात शिकायला पाठवलं. तिथं त्यांनी एक अजब गोष्ट पाहिली. लाइनच्या बाजूनं एक दोर टांगलेला. कामगाराला चूक दिसली, काही अडलं, की त्यानं तो ओढायचा. लगेच दिवा लागतो, गट-प्रमुख धावत येतो आणि ओरडत नाही, तर विचारतो, "काय अडलं? मी काय मदत करू?" ठरल्या वेळात प्रश्न सुटला नाही, तर अख्खी लाइन थांबते!

ही कल्पना आली कुठून, माहीत आहे? मागावरून! टोयोटा घराण्याचे मूळ पुरुष साकिची टोयोदा हे यंत्रमाग बनवायचे. धागा तुटला की आपोआप थांबणारा माग त्यांनी केला होता. आपल्या इचलकरंजीत किंवा मालेगावात ज्यांच्या घरी माग आहेत त्यांना विचारा. तुटल्या धाग्यावर माग चालतच राहिला, तर वारभर कापड वाया जातं. थांबलेला माग परवडतो.

आता निकाल ऐका. एमआयटी या अमेरिकेतल्या नामांकित संस्थेच्या संशोधकांनी १९८६-८७ च्या सुमाराचे आकडे मांडले. जनरल मोटर्सच्या फ्रॅमिंगहॅम इथल्या कारखान्यात दर १०० गाड्यांमागे जुळणीतले दोष १३० च्या आसपास. जपानमधल्या ताकाओकात ४५. आणि नुम्मीत? ४५! ज्यांना जग आळशी, बिघडलेले म्हणत होतं, त्यांनीच जपानी कारखान्याशी बरोबरी केली होती. नोकरीबरोबर अब्रूही गेलेल्या त्या माणसांना ही केवढी मोठी गोष्ट वाटली असेल!

"म्हणजे देशाचा काही संबंध नाही?" भाचेराव विचारात पडले.

अजून मजा पुढेच आहे. नुम्मीतून जुळ्या गाड्या बाहेर पडत. एक टोयोटा कोरोला आणि दुसरी जिओ प्रिझम. कारखाना एक, कामगार तेच, इंजिन तेच. फक्त तोंडवळा थोडा वेगळा आणि नाव वेगळं. एकीवर जपानी नाव, दुसरीवर अमेरिकन. पण जुन्या बाजारात विकायला गेलं, की कोरोलाला जास्त भाव यायचा! लोक गाडीसाठी पैसे मोजत होते की नावासाठी? तुम्हीच ठरवा.

शिवाय, यातली देशी कुठली आणि परदेशी कुठली? कॅलिफोर्नियात अमेरिकन हातांनी बनलेली कोरोला परदेशी म्हणायची का? होंडा कंपनीही १९८२ पासून अमेरिकेतल्या ओहायो राज्यात गाड्या बनवू लागली होती. शेवटी हा गोंधळ इतका वाढला, की अमेरिकेत १९९२ साली कायदा करावा लागला. गाडीतले किती टक्के भाग अमेरिका-कॅनडातले, याची चिठ्ठी नव्या गाडीच्या काचेवर लावायची! आपल्याकडेही १९८३ साली गुडगावला मारुती ८०० बनू लागली, तेव्हा सुरुवातीच्या गाड्यांचे बरेच भाग जपानहून आलेले होते. हळूहळू ते इथंच बनू लागले. मग ती देशी कधीपासून झाली?

"मग सगळ्यांनी दोर का नाही बांधले?" भाचेरावांचा प्रश्न अगदी बरोबर होता.

बांधले ना! जनरल मोटर्सच्या व्हॅन नाइज इथल्या कारखान्यातही ही रीत आणायचा प्रयत्न झाला. पण वरच्यांना लाइन थांबलेली खपत नव्हती आणि खालच्यांचा वरच्यांवर विश्वास नव्हता. १९९२ साली तो कारखाना बंद झाला. दोर बांधणं सोपं, ओढणाऱ्याला न रागावणं कठीण!

आणि नाव मोठं असलं म्हणून चूक होतच नाही असंही नाही. २००९-१० मध्ये खुद्द टोयोटाला लाखो गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. पायपोस अडकून किंवा पेडल चिकटून वेग कमी न होण्याचा धोका त्यांत होता. कंपनीचे प्रमुख अकिओ टोयोदा यांनी फेब्रुवारी २०१० मध्ये अमेरिकन संसदेच्या समितीपुढे क्षमा मागितली आणि आपण फार वेगानं वाढलो अशी कबुली दिली. उलट, २००९ सालीच तीन वर्षं जुन्या गाड्यांच्या एका पाहणीत अमेरिकेची ब्यूक आणि इंग्लंडची जग्वार या दोघी मिळून पहिल्या आल्या होत्या. नुम्मी २०१० साली बंद झाली. आज त्याच जागेत टेस्लाच्या विजेवर चालणाऱ्या गाड्या बनतात.

गोष्ट संपली. भाचेराव बराच वेळ गप्प होते. मग खाली बघत म्हणाले, "मामा, एक सांगू? भांडं मीच काठोकाठ भरलं होतं. पाणीही घातलं नव्हतं. पटकन संपवून खेळायला जायचं होतं. तू रागावशील म्हणून मिक्सरवर ढकललं."

मी रागावलो नाही. आत्ताच सांगितलेल्या गोष्टीनंतर रागावणार तरी कसा! आम्ही प्लग काढला, मिक्सर उलटा केला. तळाशी एक छोटं लाल बटण असतं, ते वर आलेलं होतं. भांडं अर्धं रिकामं केलं, पाणी घातलं, बटण दाबलं आणि प्लग लावला. मिक्सर झकास सुरू! तो बिघडलाच नव्हता. ताण जास्त झाला, तेव्हा मोटर जळायच्या आत तो आपणहून थांबला होता.

तेवढ्यात मामी शेजारचा मिक्सर घेऊन दारात उभी. भाचेराव पुढे झाले आणि तिलाही सगळं खरं सांगून टाकलं.

दोस्तांनो, आता तुमच्यासाठी काम. घरातला पंखा, इस्त्री, मिक्सर, सायकल यांची यादी करा. वस्तू किती वर्षांची, कुठे बनलेली, किती वेळा दुरुस्त केली आणि दोष तिचा होता की वापरणाऱ्याचा, हे चार रकान्यांत लिहा. चौथा रकाना मात्र खरा भरायचा हं! पुढच्या आठवड्यात भेटूच.