लॅपटॉपला दार हवे

आयबीएमने १९८१ साली आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, तेव्हा त्याच्या पोटात कार्डे बसवण्यासाठी पाच खाचा होत्या. इतकेच नव्हे, तर आतल्या रचनेचे आराखडेही पुस्तकात छापून दिले होते. ज्याला जे हवे, त्याने त्याचे कार्ड आणून बसवावे. डेस्कटॉप हा असा जुन्या वाड्यासारखा. संसार वाढला की एक खोली वाढवता येते. लॅपटॉप म्हणजे फ्लॅट. भिंतीला हात लावायचा नाही!

पण ही खोली आता बाहेर बांधता येते. स्वतंत्र वीजपुरवठा असलेल्या पेटीत डेस्कटॉपचे ग्राफिक्स कार्ड बसवायचे आणि एका केबलने ते लॅपटॉपला जोडायचे. २०११ साली मॅकबुक प्रोमध्ये आलेल्या थंडरबोल्टने यंत्राचा आतला रस्ताच बाहेर आणला. हा रस्ता अरुंद आहे खरा. डेस्कटॉपमध्ये अशा कार्डाला सोळा पदर मिळतात, थंडरबोल्ट ३ मध्ये चारच. त्यामुळे वेग थोडा कमी होतो. पण काम होते. आर्किटेक्चर शिकणारी माझी भाची लॅपटॉप कॉलेजात नेते आणि घरी आल्यावर जुन्या डेस्कटॉपचे कार्ड त्याला जोडते. दुसरे यंत्र घ्यावे लागले नाही.

प्रश्न आहे तो या दाराची किल्ली कोणाकडे, हा. ॲपलने २०१८ साली अशा पेट्यांना अधिकृत मान्यता दिली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या एम-१ यंत्रांत ती सोय ठेवली नाही. अडीच वर्षांत दार उघडले आणि बुजलेही. मी बँकेत उमेदवारी केली तेव्हापासून मुदत ठेवीच्या पावतीवर मुदत आणि व्याजदर लिहिलेला असे. मग हजारो रुपयांच्या यंत्राबरोबर ही सोय किती वर्षे टिकेल, हे लिहून का मिळू नये?

कोणी म्हणेल, लोकांना हलके, पातळ यंत्र हवे असते. कार्डे जोडतो कोण? बरोबर आहे. पण गरज खरेदीच्या दिवशी उभी राहत नाही, चौथ्या वर्षी राहते. मुलगी बारावी होऊन पुढच्या शिक्षणाला लागते तेव्हा. आणि हलकेपणा व मोकळेपणा यांचे वैर नाही. फ्रेमवर्क कंपनीने २०२३ साली जाहीर केलेल्या सोळा इंची लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सचा भाग मागून काढून बदलता येतो.

तेव्हा दुकानात रंग आणि वजन पाहून झाले की आणखी एक विचारा: यात थंडरबोल्ट आहे का? यूएसबी-सीचे प्रत्येक भोक दिसायला सारखेच. काम सारखे नसते. विक्रेता गोंधळला तरी विचारा. गिऱ्हाईक विचारीत नाही, तोवर दार ठेवायचे की बुजवायचे, हे कंपनीच ठरवणार.