खासदारकी आणि परदेशी सरकारचे मानधन

मी साताऱ्यात वकिली करते. ग्रामपंचायत सदस्यांच्या अपात्रतेची प्रकरणे हा माझ्या कामाचा मोठा भाग. एका सदस्याच्या दुकानातून नळयोजनेच्या दुरुस्तीसाठी पाइप आणि कॉक गेले होते. बिल किरकोळ, माल चोख, दर बाजारापेक्षा कमीच. तरीही जिल्हाधिकाऱ्यांनी त्यांचे सदस्यत्व रद्द केले. मी त्यांचीच वकील होते, आणि तो निकाल मला आजही योग्य वाटतो. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम 14 सदस्याने गावाला फसवले का, हे विचारतच नाही. पंचायतीच्या कामात त्याचा आर्थिक हितसंबंध आहे का, एवढेच पाहते. ज्याने बिल मंजूर करायचे, त्यानेच पैसे घ्यायचे नाहीत.

गावाला लावलेली ही कसोटी देशाच्या संसदेला लावायची वेळ आली की आपण बिचकतो. त्याचे एक ठळक उदाहरण इटलीत घडले.

मत्तेओ रेन्झी हे फ्लॉरेन्सचे माजी महापौर, 2014 ते 2016 या काळात पंतप्रधान आणि 2018 पासून सिनेटचे सदस्य. जानेवारी 2021 मध्ये त्यांच्या छोट्या पक्षाने मंत्री माघारी घेतले आणि ज्युसेप्पे कोन्ते यांचे सरकार कोसळले. देश कोविडमध्ये होरपळत होता, नवे सरकार बनवण्याच्या वाटाघाटी सुरू होत्या. नेमक्या त्याच दिवसांत रेन्झी रियाधला होते. ‘फ्यूचर इन्व्हेस्टमेंट इनिशिएटिव्ह’ या संस्थेच्या मंचावर त्यांनी युवराज मोहम्मद बिन सलमान यांच्याशी संवाद साधला आणि सौदी अरेबियात नवे रेनेसाँ घडू शकते, असे म्हटले. या संस्थेमागे सौदी सरकारचा गुंतवणूक निधी आहे. रेन्झी तिच्या विश्वस्त मंडळावर होते, आणि त्यासाठी त्यांना वर्षाला 80 हजार डॉलरपर्यंत मानधन असल्याचे इटलीच्या वृत्तपत्रांनी छापले. पत्रकार जमाल खशोगी यांची इस्तंबूलच्या सौदी वकिलातीत हत्या होऊन तेव्हा सव्वादोन वर्षे झाली होती. महिनाभरातच अमेरिकी गुप्तचर यंत्रणेचा अहवाल जाहीर झाला: त्या कारवाईला युवराजांची मंजुरी होती, असा त्याचा निष्कर्ष होता. सौदी सरकारने तो फेटाळला.

रेन्झींचे उत्तर असे की, आपण कायदा मोडलेला नाही, कर इटलीतच भरतो आणि सौदी अरेबियाशी संबंध ठेवणे देशाच्या हिताचेच आहे. पहिले दोन मुद्दे मी वकील म्हणून मान्य करते. माझा आक्षेप निराळाच आहे.

रियाधचा तो संवाद प्रसिद्ध झाला त्याच आठवड्यात, 29 जानेवारीला, मावळत्या कोन्ते सरकारने सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिरातीला बॉम्ब व क्षेपणास्त्रे विकण्याचे परवाने कायमचे रद्द केले. येमेनच्या युद्धात हे बॉम्ब नागरिकांवर पडतात, अशी तक्रार कित्येक वर्षे चालू होती. त्यातला सर्वांत मोठा परवाना 2016 चा होता. सुमारे 20 हजार बॉम्ब, किंमत 41 कोटी युरोंहून अधिक. तो रेन्झी पंतप्रधान असताना दिलेला होता. त्या परवान्याचा आणि नंतरच्या मानधनाचा काही संबंध आहे, असे मी म्हणत नाही. तसा पुरावा नाही. पण उद्या त्याच परवान्यांवर सिनेटमध्ये चर्चा झाली, तर या सदस्याने मांडलेले मत त्याचे स्वतःचे आहे का, हे मतदाराने कशावरून ओळखायचे? प्रामाणिक मतावरसुद्धा संशय येतो, आणि तो दूर करण्याचा कोणताही मार्ग त्या सदस्याकडे उरत नाही. माझ्या पाइपवाल्या अशिलाची नेमकी हीच अडचण होती.

इटलीने डिसेंबर 2024 मध्ये अर्थसंकल्पाच्या कायद्यातून युरोपीय संघाबाहेरच्या अशा मोबदल्यावर बंधने आणली. रेन्झींनी तो आपल्यावर नेम धरून केलेला कायदा ठरवला. असेलही. पण चांगला नियम वाईट हेतूने झाला, म्हणून तो टाकून द्यायचा नसतो.

आपल्याकडे काय आहे? राज्यघटनेच्या अनुच्छेद 102 मध्ये लाभाच्या पदाची अपात्रता आहे, पण ते पद भारत सरकारचे किंवा राज्य सरकारचे असेल तर. परदेशी सरकारचे पद तिथे येत नाही. परकी राष्ट्राशी निष्ठा कबूल केल्यास खासदारकी जाते, पण सल्ल्याचे मानधन म्हणजे निष्ठा नव्हे, असा युक्तिवाद कोणीही वकील करील. अनुच्छेद 18 परवानगीशिवाय परदेशी पद वा मोबदला घ्यायला मनाई करतो, पण ती राज्याच्या अधीन पद धारण करणाऱ्याला. खासदार त्यात बसतो का, यावर वाद घालता येतो. 2010 च्या परकीय योगदान नियमन कायद्याने खासदार-आमदारांना परदेशी देणगी घेण्यास बंदी आहे. परदेशात तिथल्या पाहुणचाराचे विमानभाडे आणि हॉटेल स्वीकारायचे, तरी केंद्राची आगाऊ परवानगी लागते. मात्र त्याच कायद्याच्या कलम 4 मध्ये पगार आणि मोबदल्याला सूट आहे. तिकिटाला परवानगी हवी आणि पगाराला नको, ही रचना मला असह्य वाटते.

हा प्रश्न दिल्लीतल्या मूठभर लोकांचा नाही. खेड, चिपळूण, श्रीवर्धनच्या घराघरांतले लोक आखातात कामाला आहेत. मालकाने पासपोर्ट अडकवला, पगार थकवला, मृतदेह आणायचा राहिला, की त्यांच्या घरचे खासदाराचे दार ठोठावतात. तिथल्या राजवटीकडून मानधन घेणारा खासदार त्या राजवटीच्या अधिकाऱ्यांशी या घरच्यांसाठी भांडेल का? भांडला, तरी त्यांना त्याचा भरवसा वाटेल का?

अनुभवी माणसांचा सल्ला जगाने का घेऊ नये, असे विचारले जाते. जरूर घ्यावा. शिष्टमंडळातून जावे, भाषणे द्यावीत, फुकट सल्ला द्यावा. पैसे घ्यायचे असतील, तर आधी राजीनामा द्यावा. निधी, प्रतिष्ठान, विद्यापीठ अशा कोणत्याही नावाने तो पैसा आला, तरी मागे सरकार असेल तर नियम तोच असावा.

राज्यसभेत नियम 293 खाली सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही आहे. सशुल्क सल्लागारीही तीत नोंदवावी लागते. लोकसभेत अशी नोंदवही नाही. ती सुरू करावी, दोन्ही नोंदवह्या लोकांना सहज पाहता येतील अशा ठेवाव्यात, आणि कलम 4 मधली सूट लोकप्रतिनिधींपुरती काढून टाकावी. कोणत्याही पक्षाच्या खासदाराने हे खासगी विधेयक म्हणून मांडावे. मसुदा तयार करायला मी विनामोबदला तयार आहे.