वस्तूंसाठी जीव तुटतो, त्याला वेड म्हणू नका

दुकानाच्या फळीवर चेपलेला एकच डबा उरलेला असतो. आपण नेला नाही तर त्याला कुणीच नेणार नाही, या विचाराने तोच डबा घरी आणणारी माणसे असतात. स्वमग्न व्यक्तींमध्ये असे अनुभव सांगणारे बरेच भेटतात. त्यावर ठरलेला शेरा असतो: ‘यांना माणसांविषयी काही वाटत नाही, म्हणून वस्तूंवर जीव. पोरकटपणा आहे, मोडून काढा.’

या शेऱ्याचे दोन्ही भाग चुकीचे आहेत.

पहिल्या भागाला बळ मिळाले १९८५ च्या एका चाचणीतून. सायमन बॅरन-कोहेन, ॲलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी २० स्वमग्न मुलांना बाहुल्यांचा खेळ दाखवला. सॅली आपली गोटी टोपलीत ठेवून जाते, मागे ॲन ती डब्यात लपवते; परतल्यावर सॅली गोटी कुठे शोधेल? १६ मुलांचे उत्तर चुकले. पण इथे ओळखायचे होते ते सॅलीला काय ठाऊक आहे एवढेच. दुसऱ्याच्या दुःखाने कळवळणे ही निराळी गोष्ट, ती या चाचणीत तपासलीच नव्हती. याच उटा फ्रिथ २०१० च्या एका मेंदूविषयक अभ्यासातही सहभागी होत्या. दुसऱ्याची वेदना पाहताना मेंदूत उमटणारा प्रतिसाद स्वतःच्या भावना ओळखण्यातल्या अडचणीनुसार बदलतो, स्वमग्नतेनुसार नाही, असे त्यात आढळले. २०१२ मध्ये स्वतः स्वमग्न असलेले अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी तर ठामपणे मांडले, की न समजणे स्वमग्न आणि इतर अशा दोन्ही बाजूंनी असते.

आता पोरकटपणाचे. संशोधक रेबेका व्हाइट आणि ॲना रेमिंग्टन यांनी ८७ स्वमग्न आणि २६३ इतर प्रौढांची पाहणी केली. ती २०१९ मध्ये ‘ऑटिझम’ या नियतकालिकात छापून आली. वस्तूंना भावना, स्वभाव असल्याचे वाटणे दोन्ही गटांत होते. स्वमग्नांमध्ये ते अधिक, आणि मोठ्या वयातही टिकणारे दिसले. पाहणी ऑनलाइन होती, त्यामुळे प्रत्येक स्वमग्न माणसाला तिचा निष्कर्ष लावता येणार नाही. पण हे काही जगावेगळे नाही, एवढे तिच्यातून नक्की कळते. खंडेनवमीला अवजारांची पूजा करणाऱ्या, पुस्तकाला पाय लागताच नमस्कार करणाऱ्या मराठी घराला तर ते परके वाटू नये.

एक आक्षेप मात्र खरा आहे: काहींना याचा फार त्रास होतो. टाकून दिलेल्या वस्तूच्या काळजीने जीव कासावीस होतो, घरात अडगळ साठत जाते. इथे मदत हवीच, पण ती त्रासावर. जिव्हाळ्यावर घाव घालून नव्हे. मूल शाळेत गेल्यावर त्याची फुटकी बाटली गुपचूप कचऱ्यात टाकणारे पालक हा त्रास वाढवतात. त्याऐवजी आधी सांगावे, वस्तू कुठे जाणार ते दाखवावे, निरोप घ्यायला वेळ द्यावा, चांगली असेल तर ती कुणाच्या उपयोगी पडेल हे मुलालाच ठरवू द्यावे. एवढ्यानेही भागत नसेल तर स्वमग्नता जाणणाऱ्या समुपदेशकाकडे जावे, आणि त्याच्याकडूनही हे हसण्यावारी नेले जाणार नाही याची आधी खात्री करून घ्यावी.